स्कूबा पाचशेत परवडतं कसं? मालवणच्या बोटीवर बसून सीझनचं कॉस्टिंग शिकूया

या आठवड्याचा व्हिडिओ सीझनल धंद्याच्या कॉस्टिंगवर होता. त्यात मालवणच्या स्कूबाचं उदाहरण घेतलं, पण आकडे भराभर गेले. नंतर कल्याणच्या बॅचमध्ये दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला. "सर, जेटीवर एक जण पाचशे म्हणतो, त्याच्या शेजारचा पंधराशे. समुद्र तोच, मासे तेच. मग फरक कशाचा?"

प्रश्न चांगला आहे. आज तो हिशोब सावकाश करू. कागद-पेन घेऊन बसा. पुढच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन तिकडे जाणार असाल तर कुठल्या बोटीत बसायचं हेही यातून कळेल, आणि ते आपल्या मार्जिनपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

आधी बघू, विकतात काय?

सिंधुदुर्ग किल्ला कुरटे नावाच्या छोट्या बेटावर आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधकाम सुरू केलं आणि साधारण तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. बेटाच्या आजूबाजूला खडकच खडक. शत्रूची जहाजं जवळ येऊ नयेत म्हणून उपयोगी पडलेले तेच खडक आज पर्यटन चालवतात, कारण खडक तिथे प्रवाळ आणि प्रवाळ तिथे मासे. १९८७ मध्ये इथलं साधारण २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं.

बहुतेक लोक तिथे जे करतात ती 'ट्रायल' डुबकी असते. पोहता येण्याची गरज नाही. इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून खाली नेतो, मासे दाखवतो, व्हिडिओ काढतो, वर आणतो. पाण्यात पंधरा-वीस मिनिटं.

आता नीट बघा. पाण्याखाली दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे घेतलेला श्वास रोखून धरून कोणी वर आला तर छातीतली तीच हवा फुगत दुप्पट व्हायला बघते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. दुसरा नियम कानाचा. खाली जाताना नाक दाबून हळूच हवा ढकलायची, कान मोकळे करायचे. दुखलं तर तिथेच थांबायचं. पहिल्यांदा पाण्यात उतरलेल्या, घाबरलेल्या माणसाला हे स्वतःहून जमत नाही. त्याच्या डोळ्यांकडे बघत राहणारा एक माणूस लागतो.

म्हणजे विकला जातो तो त्या एका माणसाचा अर्धा तास. मासे फुकट आहेत, समुद्र फुकट आहे. हे डोक्यात पक्कं बसवा, पुढचं गणित यावरच आहे.

आता कागदावर मांडू

पुढचे आकडे कुणा एका बोटवाल्याचे नाहीत. शिकायला सोपे जावेत म्हणून मी धरलेत. तुमच्याकडे खरे आकडे असतील तर ते घाला, पद्धत तीच.

एक बोट, तीन इन्स्ट्रक्टर, एक तांडेल, एक खलाशी. बोटीचा हप्ता आणि डागडुजी वर्षाला ३ लाख. कॉम्प्रेसर, सिलिंडर, रेग्युलेटर यांची देखभाल आणि बदली २ लाख. इन्स्ट्रक्टरना महिना २५ हजार प्रमाणे नऊ महिने, ६ लाख ७५ हजार. तांडेल-खलाशाला २० हजार प्रमाणे नऊ महिने, ३ लाख ६० हजार. विमा, परवाना, फोन, किरकोळ मिळून ६५ हजार. बेरीज १६ लाख. एकही गिऱ्हाईक आलं नाही तरी हे १६ लाख जाणारच.

माणशी वेगळा खर्च म्हणजे डिझेल, हवा भरणं, व्हिडिओ, चहा: १२० रुपये. गिऱ्हाईक आणून देणाऱ्या एजंटचं कमिशन २०० धरू.

दिवसाला किती माणसं? सकाळी आठ ते एक, पाच तास. एका माणसामागे अर्धा तास, म्हणजे तीन इन्स्ट्रक्टर मिळून जास्तीत जास्त तीस. येणं-जाणं, कपडे बदलणं, रडणारी मुलं धरून चोवीस.

आता भागाकार. नवीन माणूस काय करतो? ३६५ गुणिले २४, म्हणजे ८,७६० माणसं. १६ लाख भागिले ८,७६० म्हणजे १८३ रुपये. त्यात १२० आणि २०० मिळवा. ५०३ रुपये.

बघितलंत? पाचशेचा दर हवेतून येत नाही. तो चुकीच्या भागाकारातून येतो.

कारण समुद्र ३६५ दिवस उघडा नसतो. पावसाळ्यात, मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत, जलक्रीडा बंद असतात. साधारण शंभर दिवस तिथेच गेले. सप्टेंबरमध्ये पाणी गढूळ. उरलेल्या दिवसांतही बोट भरते ती शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, नाताळ ते न्यू इयर आणि मे महिना. ऑक्टोबर ते मेचे वीकेंड मोजले तर सत्तरच्या आसपास होतात, सुट्ट्यांचे इतर वार धरून शंभर. एवढेच भरलेले दिवस. बाकीचे १२० दिवस सरासरी पाच माणसं धरू.

शंभर दिवस चोवीस म्हणजे २,४०० आणि १२० दिवस पाच म्हणजे ६००. एकूण ३,०००. आता १६ लाख भागिले ३,००० म्हणजे ५३३ रुपये. अधिक १२०, अधिक २००. एका माणसाची खरी किंमत ८५३ रुपये, आणि यात मालकाचा नफा शून्य.

बीबीएला हे आम्हाला 'ओव्हरहेड अ‍ॅब्सॉर्प्शन' अशा जड नावाने शिकवलं होतं. आपल्या बाजारात याला 'भाडं अंगावर येणं' म्हणतात. गोष्ट एकच.

मग पाचशेवाला जगतो कसा?

हा या धड्याचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

पाचशेतून कमिशन आणि माणशी खर्च गेला की हातात १८० उरतात. १६ लाख भरून काढायला १८० प्रमाणे जवळजवळ ८,९०० माणसं लागतील. धंद्याच्या शंभर दिवसांत बसवायची तर रोज ८९. तीन इन्स्ट्रक्टर, पाच तास, प्रत्येकाच्या वाट्याला तीस माणसं, म्हणजे माणशी दहा मिनिटं. त्यात सूचना, चढणं-उतरणं, व्हिडिओ, सगळं आलं. पाण्यात मिळणार चार-पाच मिनिटं.

नाहीतर मग इन्स्ट्रक्टर कमी करायचा. किंवा बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं. किंवा रेग्युलेटरचं सर्व्हिसिंग 'पुढच्या सीझनला बघू'. दर खाली आला की खर्च आपोआप खाली येत नाही, कुठून तरी कापावा लागतो. आणि गिऱ्हाइकाला जिथे दिसत नाही तिथेच आधी कापला जातो. लाइफ जॅकेट रंगीत आहे हे दिसतं, त्याचे बंद कुजलेत हे दिसत नाही.

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. त्या बोटीचा दर काय होता हा इथे मुद्दा नाही. मुद्दा असा, की किनाऱ्यापर्यंतचा परतीचा प्रवासही त्याच तिकिटात येतो. आपण चौकशी करतो ती फक्त पाण्याखालच्या वीस मिनिटांची.

आणखी एक खर्च कुणाच्याच वहीत नसतो. प्रवाळ. व्हिडिओत मासे जास्त दिसावेत म्हणून कुठे कुठे पाव टाकतात, लोक प्रवाळावर पाय देऊन उभे राहतात, नांगर त्यावरच पडतो. बोटीचा घसारा सीए लावून देतो, प्रवाळाचा कोण लावणार? आणि धंद्याचं खरं भांडवल तर तेच आहे.

पाचशेचा दर कधी बरोबर असतो

आता उलटी बाजू. नोव्हेंबरातला एखादा मंगळवार घ्या. बोट पाच माणसं घेऊन निघालीच आहे, पगार चालूच आहेत. सहावा माणूस थेट आला, एजंट मध्ये नाही. त्याचा जादा खर्च १२० रुपये. त्याला पाचशेत घेतलं तर ३८० हातात. इथे पाचशे हा उत्तम दर आहे. तोच दर २५ डिसेंबरला लावणं म्हणजे नुकसान, कारण त्या दिवशी पाचशेवाल्याने आठशे-हजार देणाऱ्याची जागा अडवलेली असते.

म्हणजे डिस्काउंट वाईट नाही. तो रिकाम्या दिवशी द्यायचा असतो.

तिकडचे शहाणे लोक रिकामे दिवस आणखी एका वाटेने भरतात. ट्रायल डुबकी सोडून रीतसर कोर्स विकतात. 'ओपन वॉटर' कोर्सला तीन-चार दिवस लागतात, वय किमान दहा वर्षं, आणि पास झालात की १८ मीटरपर्यंत जाण्याचं सर्टिफिकेट मिळतं जे जगभर चालतं. तारकर्लीत एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. कोर्सवाला माणूस मधल्या वारीही येतो, तिथेच राहतो, जेवतो. पाच डुबकीवाल्यांपेक्षा असा एक विद्यार्थी परवडतो. ज्यांच्या घरी निवास-न्याहारीची सोय आहे, खानावळ आहे, पावसात मसाला आणि कोकम विकायला आहे, ते सोळा लाखांचा सगळा बोजा बोटीवर टाकत नाहीत. अशाच घरातला बोटवाला पंधराशे सांगून शांत बसू शकतो.

आता आपल्या दुकानात या

मानपाडा रोडला शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान आहे असं धरा. भाडं महिना ४० हजार, दोन मुलं १५ हजारांची, लाइट वगैरे ५ हजार. महिन्याला ७५ हजार, वर्षाला ९ लाख.

जूनमध्ये २,००० सेट गेले. मालक म्हणतो, ७५ हजार भागिले २,०००, सेटमागे साडेसदतीस रुपये खर्च. मग समोरच्या दुकानाने शंभर कमी केले की हाही खुशाल शंभर कमी करतो. पण वर्षभराचे सेट मिळून ३,६०० असतील, तर सेटमागे खर्च आहे २५० रुपये. ऑगस्टचं भाडं जूनच्या सेटलाच भरायचं असतं. जूनमध्ये गर्दी, गल्ला भरलेला, आणि दिवाळीला व्यापाऱ्याचं बिल द्यायला पैसे नाहीत. असे चेहरे मी डोंबिवलीत, कल्याणला, जांभळी नाक्यावर दरवर्षी बघतो. धंदा वाईट नसतो, भागाकार चुकलेला असतो.

छत्री-रेनकोट, कंदील, फटाके, पतंग, आंबा, सगळ्यांना हेच लागू. आज रात्री गेल्या वर्षाची वही काढा आणि एवढंच मोजा: साधारण विक्रीच्या दुप्पट गल्ला किती दिवस झाला? तेच तुमचे 'बोट भरलेले' दिवस. बऱ्याच जणांचा आकडा पन्नाससुद्धा येत नाही.

आणि जायचं असेल तर

आपण दुकानदार. शनिवार-रविवार आपला धंद्याचा, म्हणजे आपण जाणार मधल्या वारी. बोटवाल्याला नेमकं असंच गिऱ्हाईक हवं असतं. म्हणून घासाघीस दरावर करू नका, वेळेवर करा. "पैसे ठरलेले देतो, पण पाण्यात पूर्ण वीस मिनिटं आणि मुलाबरोबर एक माणूस सतत." मंगळवारी हे सहज मिळतं.

गाडी म्हणाल तर कोकणकन्या ठाण्याला पकडायची आणि कुडाळला उतरायचं, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं, दिवाळीसाठी तारीख लिहून ठेवा. सर्दी, दमा, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं, गरोदरपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. आदल्या रात्रीची पार्टीही नको.

जेटीवर गेल्यावर दर विचारण्याआधी चार गोष्टी विचारा. एका इन्स्ट्रक्टरकडे एका वेळी किती माणसं? बोटीची परवान्यावरची क्षमता किती आणि आज किती जण बसणार? लाइफ जॅकेट जाताना-येताना दोन्ही वेळा घालायचं ना? खाली जाण्याआधी उथळ पाण्यात सराव करून घेणार का? चांगला बोटवाला हे प्रश्न ऐकून खूश होतो, उत्तरं त्याच्या तोंडावर असतात. "काय नाय होत ओ, बसा तुम्ही" असं उत्तर आलं तर त्या दिवशी किल्ला बघा, माशाचं जेवण जेवा, आणि स्कूबा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बोटीवर करा.