कानांतले कापसाचे बोळे

गुडीहत्नूरच्या शिवारात वेचणीचा हंगाम ऐन भरात असताना, कमरेच्या झोळीतला कापूस उपसून त्याचेच बोळे कानांत खुपसणारा आणि तरीही "ते बोलायचे थांबत नाहीत" म्हणून बांधावर रडत बसलेला आपला विशीतला मुलगा ज्या माउलीने पाहिला, ती त्याला घेऊन माझ्या दवाखान्यात आली तेव्हा त्या गोष्टीला दोन वर्षे लोटली होती. मधल्या मुदतीत भानामतीच्या संशयावरून उतारे झाले, एक बोकड गेला, भावकीतल्या एका घराशी कायमचा अबोला धरला गेला, आणि लग्न लावून दिले की पोरगा ताळ्यावर येईल, अशीही मसलत झाली. हे सारे मायेपोटीच घडले, म्हणून त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. मात्र उपचाराला जितका विलंब होतो तितकी प्रकृती पूर्ववत होण्याची शक्यता उणावते, हे मला त्या माउलीला सांगावेच लागले.

या विकारास स्किझोफ्रेनिया हे नाव स्विस वैद्य ब्लॉयलर यांनी १९०८ साली दिले. मराठीत त्यास छिन्नमनस्कता म्हणतात. एका देहात दोन माणसे नांदतात, असा त्याचा अर्थ नव्हे. विचार, भावना आणि कृती यांचा परस्परांशी असलेला मेळ सुटतो, एवढाच आहे. रुग्णास ऐकू येणारा आवाज त्याच्या मेंदूतच उत्पन्न होतो, परंतु त्याला तो आपल्या-माझ्या बोलण्याइतकाच खरा वाटतो; म्हणूनच कापसाचा बोळा तेथे चालत नाही, आणि "कुठे काय, कोणी बोलत नाही" हा आपला युक्तिवादही चालत नाही. त्यापेक्षा "तुला फार त्रास होतो आहे, हे मला दिसते" एवढे म्हणावे.

झोप उडणे, स्नान सोडणे, घरच्या अन्नात विष आहे असे वाटणे, एकट्यानेच हसणे, ही लक्षणे दिसताच वैद्यास दाखवावे. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागले तरी पहिल्या खेपेस निदान एक-दोन वर्षे ते वैद्याच्या सल्ल्यानेच चालू ठेवावे लागते. रोजची गोळी जमत नसेल, तर काही आठवड्यांतून एकदा घ्यावयाच्या इंजेक्शनचीही तजवीज होते. रुग्णास साखळदंडाने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सर्वथा मना आहे.

त्या मुलाने यंदा आईबरोबर वेचणी केली. आवाज पुरते गेलेले नाहीत, पण ते दूरचे झाले आहेत, असे तो सांगतो.

वाचकहो, आपल्या घरी असे कोणी असल्यास त्यास आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात न्यावे. तूर्त पाऊल उचलत नसेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. आणि देवळात नवस फेडायला जायचेच असेल, तर खुशाल जावे, मात्र गोळी चुकवू नये.