रक्तांतील युरिया कसा मोजितात?

युरिया म्हटला कीं, शेतकरी बंधूंच्या डोळ्यांपुढें खताची गोणी उभी राहते. परंतु हाच पदार्थ मनुष्याच्या रक्तांतही असतो. दवाखान्यांतून मिळणाऱ्या तपासणीच्या कागदावर त्याचा आंकडा लिहिलेला असतो. तो कसा काढितात व कसा वाचावा, याचा विचार आपण या पाठांत करूं.

अन्नांतील प्रथिनें पचल्यावर जें नत्र शिल्लक राहतें, त्याचा यकृतांत युरिया बनतो व मूत्रपिंडें तो लघवीवाटे बाहेर टाकितात. मूत्रपिंडें दुबळीं झालीं म्हणजे तो रक्तांत सांचूं लागतो. शेतांत टाकलेलें खत धान्यावाटे येऊन रक्तांत सांचतें, हा समज मात्र खरा नव्हे.

तपासणीसाठीं रक्त गोठूं देऊन यंत्रांत गरगर फिरवितात. मग पिंवळसर पाणी वर राहतें. त्यास सीरम म्हणतात. त्यांत युरिएज नांवाचें द्रव्य घातलें असतां युरियाचा अमोनिया व कर्बवायु होतो. ओल्या जमिनींतही हेंच घडतें. वर फेंकलेल्या युरियाचा कस हवेंत उडतो तो यामुळेंच. उमरेडच्या बाजारांत ज्याचीं पोतीं उतरतात, त्या सोयाबीनच्या दाण्यांत युरिएज विपुल आहे. मार्शल या अमेरिकन शास्त्रज्ञानें 1913 सालीं सोयाबीनच्याच साह्यानें युरिया मोजण्याची रीत दिली. पुढें 1926 सालीं समनर यांनीं अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या दाण्यांतून युरिएजचे शुद्ध स्फटिक काढिले.

निघालेला अमोनिया दोन प्रकारें मोजितात. जुन्या रीतींत फिनॉल व हायपोक्लोराइट मिळवितात, म्हणजे निळा रंग येतो. युरिया जितका अधिक, तितका रंग गडद. आजच्या यंत्रांत दुसरें एक विकर घालितात व अमोनियाबरोबर खर्च होणारें द्रव्य किती वेगानें घटतें, हें प्रकाशाच्या साह्यानें पाहतात. कोणतीही रीत असो, ताडून पाहण्यास ठाऊक प्रमाणाचें द्रावण सोबत लागतें. समजा, 40 मिलिग्रॅमच्या द्रावणानें 0.40 दाखविलें व नमुन्यानें 0.30, तर रक्तांत युरिया 30 मिलिग्रॅम होय. साखरेच्या तपासणीच्या बाटलींत फ्लोराइड असतें; तें युरिएजचें काम बंद पाडितें, म्हणून या रीतींस ती बाटली चालत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. कांहीं ठिकाणीं युरिया लिहितात, तर कांहीं ठिकाणीं केवळ त्यांतील नत्र, त्यास बी. यू. एन. म्हणतात. युरियाच्या 60 भागांत नत्र 28 भाग, म्हणजे शेंकडा 46 हून किंचित् अधिक. गोणीवर 46 छापलेलें असतें तें याच हिशेबानें. तेव्हां एका ठिकाणीं 60 व दुसऱ्या ठिकाणीं बी. यू. एन. 28 आला, तर रोग निम्म्यानें उतरला असें समजून औषध सोडणें घातक होय. सातबाऱ्यावर हेक्टर आणि बोलण्यांत एकर. आंकडा बदलतो, जमीन तीच राहते. प्रौढ मनुष्यास 100 मिलिलिटरमागें युरिया सुमारें 15 ते 40 मिलिग्रॅम असतो, बी. यू. एन. सुमारें 7 ते 20.

उन्हांत राबून पाणी कमी प्यालें तरी युरिया वाढतो. म्हणून एकट्या या आंकड्यावर निर्णय न करितां क्रिएटिनिनही पाहवावें. जुने कागद सातबाऱ्याप्रमाणें जपून ठेवावे व डॉक्टरांपुढें तारीखवार मांडावे. औषध सुरू ठेवणें वा सोडणें त्यांच्याच सल्ल्यानें व्हावें.