चढाई कीं माघार ?

परभूमीवरील युद्ध प्रजेस नकोसें झालें असतां सैन्य वाढवावें कीं परत बोलवावें ? या प्रश्नाचा विचार करण्यास व्हिएतनामचें उदाहरण आम्हांस फार बोधप्रद वाटतें.

इ. स. १९६५ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांजपुढें दोन सल्ले आले. संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनीं सैन्य वाढवावें असें सुचविलें. परराष्ट्र खात्यांतील उपमंत्री जॉर्ज बॉल यांनीं मात्र बजावलें कीं, एकदां मोठी प्राणहानि झाली म्हणजे मागें फिरणें जवळजवळ अशक्य होईल. जॉन्सन यांनीं पहिला मार्ग धरिला व २८ जुलै रोजीं ७५,००० सैन्य १,२५,००० करण्याचें जाहीर केलें. १९६८ सालीं हा आंकडा पांच लाखांवर गेला. तरी सेनापतींनीं आणखी दोन लाखांची मागणी केलीच. तेव्हां नवे संरक्षणमंत्री क्लिफर्ड यांनीं विचारलें कीं, एवढ्यानें जय मिळेल काय ? कोणासही खात्री देतां येईना.

शेवटच्या तुकड्या १९७३ सालीं परतल्या. या युद्धांत ५८,००० हून अधिक अमेरिकन व त्यांच्या कित्येक पट व्हिएतनामी लोक प्राणांस मुकले. माघारही निर्दोष नव्हती : १९७५ सालीं सायगांव पडल्यावर लक्षावधि लोक देशोधडीस लागले.

तथापि क्लिफर्ड यांचा प्रश्न १९६५ सालींच विचारावयास हवा होता. गेलेल्यांचें बलिदान सार्थ व्हावें म्हणून आणखी तरुणांस मरणाच्या दारीं धाडणें आम्हांस तरी न्याय्य वाटत नाहीं.