गवतातील राखणदार

मृगाचा पाऊस पडून गेला, की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नडच्या माळरानावर मारवेल, पवन्या, कुसळी ही गवते झपाट्याने वर येतात. गुराख्यांमागून गुरे माळावर चढतात. गुरांना हिरवे पाते तेवढे दिसते; परंतु त्या पात्याच्या आत, पेशींच्या फटींत, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे दुसरे रहिवासीही असतात. ते म्हणजे बुरशीचे सूक्ष्म तंतू होत.

बुरशी म्हटले, की शिळ्या भाकरीवरील काळाहिरवा थर किंवा बाजरीवरील अरगट आठवतो. अरगट पडलेल्या कणसातून मधासारखा चिकट द्रव पाझरतो आणि दाण्याच्या जागी विषारी काळपट गाठी धरतात. शेतकऱ्याला बुरशी वैरीण वाटते, यात नवल नाही. परंतु या अरगटाच्याच कुळातील काही बुरशी थंड प्रदेशांतील गवतांच्या पोटात मुकाट्याने नांदतात. त्यांना अंतर्वासी बुरशी म्हणतात. गवत त्यांना अन्न व आसरा देते, आणि त्यांपैकी कित्येक त्याची राखण करतात.

जपानच्या होक्काइडो बेटावर टिमोथी नावाचे गवत गुरांसाठी मुद्दाम लावतात. एका रोगबुरशीमुळे त्याच्या पानांवर जांभळट ठिपके पडतात. ज्या ताटांत अंतर्वासी बुरशी होती, ती ताटे या रोगाला दाद देत नाहीत, असे १९८० नंतरच्या दशकात तेथील संशोधकांना आढळले. पुढे त्या बुरशीपासून रोगबुरशीला मारक अशी द्रव्येही मिळाली. मात्र हा राखणदार फुकट राबणारा नव्हे! तो गवताच्या उमलू पाहणाऱ्या तुऱ्याभोवती पांढरे वेटोळे घालतो, आणि मग त्या तुऱ्यात बी धरत नाही.

अशी बुरशी पारखण्याची रीत साधी आहे. पाते बाहेरून निर्जंतुक करून त्याचे बारीक तुकडे बशीतील खाद्यावर ठेवतात. काही दिवसांत कापलेल्या कडेतून आतील बुरशी डोकावते. तिच्यासमोर रोगबुरशी लावली, की दोघी एकमेकींकडे सरकू लागतात. अंतर्वासी बुरशी मारक द्रव्य सोडणारी असेल, तर मध्ये मोकळा पट्टा राहतो. अर्थात, बशीत जिंकणारी बुरशी ऊनपावसात जिंकेलच असे नाही.

राखणदारापासून धन्याच्या गुरांनाच धोका झाल्याचेही उदाहरण आहे. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाने १९४३ साली टॉल फेस्क्यू गवताचा 'केंटकी ३१' हा वाण दिला. अवर्षणात तग धरणारे हे गवत दूरवर पसरले. पण ते चरणाऱ्या गाई उन्हाळ्यात धापा टाकीत पाण्यात उभ्या राहत. त्यांचे दूध आटे. हिवाळ्यात काहींच्या शेपटीची टोके, खूरही गळून पडत. गवत तर निरोगी दिसे! अखेर १९७७ साली चार्ल्स बेकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील अंतर्वासी बुरशीकडे बोट दाखविले. तिची विषे अरगटाच्याच जातीची निघाली. बुरशीविरहित बी पेरावे, तर गुरे सुधारत, पण गवत टिकत नसे. मग गुरांना बाधक विष न करणारी बुरशी शोधून ती गवतात वसविण्यात आली. ही बुरशी बियांतूनच पुढच्या पिढीत जाते. मात्र ते बियाणे उष्ण, दमट कोठारात फार दिवस पडून राहिले, तर ते पेरल्यावर उगवते खरे, पण आतील राखणदार तोवर मेलेला असतो.