दुर्बीण घेताना तिचे पाय आधी पाहा

दुर्बीण घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘कितीपट मोठं दिसतं?’ विकणाऱ्यांना हा प्रश्न पाठ असतो, म्हणून खोक्यावर ‘675 पट’ असे आकडे ठळक छापलेले असतात. माझ्या ताईनं भाचीच्या वाढदिवसाला ऑनलाइन मागवलेल्या दुर्बिणीवरही तसाच आकडा होता. मांजरी बुद्रुकला आमच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही ती लावली. शुद्ध अष्टमीचा चंद्र, म्हणजे विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या, पाहायला अगदी योग्य दिवस. पण तिपाई इतकी लेचीपेची की फोकसच्या चाकाला बोट लागलं की चंद्र थरथरायचा, आणि थरथर थांबेपर्यंत पृथ्वीच्या फिरण्यानं तो दृष्टिक्षेत्राबाहेर निघून जायचा. पुन्हा शोधा, पुन्हा हलवा. शेवटी पोर रडवेली होऊन म्हणाली, “मावशी, मलाच जमत नाहीये.”

या वाक्याचा मला आजही राग येतो. तिला सगळं जमत होतं. दोष वस्तूचा होता आणि तो एका लहान मुलीनं स्वतःवर घेतला. अशा किती दुर्बिणी घराघरांतल्या माळ्यांवर पडल्या असतील आणि किती मुलांनी ‘आकाश आपल्यासाठी नाही’ असं ठरवून टाकलं असेल!

म्हणून आता कुणी विचारलं की मी आधी दोनच गोष्टी सांगते. दुर्बिणीचा व्यास किती ते पाहा आणि ती कशावर उभी आहे ते पाहा. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट एवढंच वर्धन उपयोगी पडतं. 60 मिलिमीटरच्या भिंगाला 120 पट ही चांगल्या हवेतली कमाल. त्यापुढे प्रतिमा फुगते, अंधूक होते, नवीन काहीच दिसत नाही. 675 पट हा आकडा खोक्यावरच शोभतो.

उभं राहण्याचा प्रश्न ज्यानं सोडवला तो माणूस आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. जॉन डॉब्सन हे अमेरिकेतल्या वेदान्त सोसायटीत 1944 साली दाखल झालेले, रामकृष्ण परंपरेतले संन्यासी. मठात पैसे नसत. जुन्या काचा घासून त्यांनी आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या आणि दुर्बीण लाकडी पेटीवर अशी बसवली की ती बोटानं ढकलली की फिरते, सोडली की तिथेच थांबते. 1967 मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. मग ते सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना शनी दाखवू लागले. आज टेबलावर ठेवायची जी छोटी डॉब्सोनियन दुर्बीण मिळते, ती याच कल्पनेची धाकटी बहीण. तिला तिपाई नाही, मोटर नाही, मोबाइलशी जोडणी नाही. सगळा पैसा आरशात आणि बैठकीत गेलेला असतो.

यातली अगदी छोटी म्हणजे 76 मिलिमीटरची, 2009 च्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्षात जगभर पोचलेली. चंद्राला आणि कृत्तिकांना छान, पण ग्रहांपाशी थकते. ऐपत असेल तर 130 मिलिमीटर आरशाची, 650 मिलिमीटर नाभीय अंतराची घ्या. नाभीय अंतराला आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, आकड्यानं भागलं की वर्धन कळतं: 25 चा आयपीस लावला की 26 पट, 10 चा लावला की 65. शनीची कडी पाहायला 65 पट पुरेसं आहे. मात्र 2025 मध्ये ती कडी आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसत होती. आता ती वर्षागणिक उघडत जाईल, तेव्हा पहिल्या वर्षी बारीक दिसली तर खट्टू होऊ नका.

‘टेबलावरची’ म्हटलं की लोक प्लॅस्टिकचं स्टूल आणतात आणि तिपाईची थरथर परत येते. आमच्याकडे जड सागवानी चौरंग आहे. तो जमिनीवर ठेवायचा, त्यावर दुर्बीण, आणि आपण शेजारी पाटावर बसायचं. लहान मुलांनाही उंची बरोबर येते. कठड्यावर मात्र कधीही ठेवू नका. गच्चीचा स्लॅब संध्याकाळनंतर बराच वेळ तापलेला असतो, त्या वाफेत प्रतिमा पाण्याखाली असल्यासारखी हलते. आरसाही थंड व्हायला हवा. म्हणून दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर काढा.

मांजरीत पश्चिमेला हडपसर-मगरपट्ट्याचा उजेड, उत्तरेला नदीपलीकडे खराडीचा. पूर्वेकडे, थेऊरच्या बाजूला अजून थोडा अंधार शिल्लक आहे, तिकडे तोंड करून बसा. हिवाळ्यात मृगातला तेजोमेघ पाहा, गुरूचे चार चंद्र रोज जागा बदलताना वहीत काढा. सप्तर्षींत वसिष्ठ-अरुंधती नुसत्या डोळ्यांना दिसतात. दुर्बीण लावली की वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघतो, आणि भाचीनं तो मी सांगायच्या आधी स्वतः ओळखला. तारे दाखवायला हिरवा लेझर वापरू नका. लोहगावची विमानं जवळून जातात.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. त्या पहिल्या दुर्बिणीबरोबर आयपीसला लावायची एक छोटी काळी काच आली होती, ‘सूर्य पाहण्यासाठी’. ती काच जिथे लागते तिथे आरशानं किंवा भिंगानं गोळा केलेलं ऊन एकवटतं. काच तापून तडकली तर डोळा कायमचा जाऊ शकतो. तुमच्या खोक्यात ती निघाली तर फोडून कचऱ्यात टाका. 2 ऑगस्ट 2027 च्या दुपारनंतर पुण्यातून खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ढगांनी वाट दिली तर ते प्रमाणित ग्रहण-चष्म्यातून, दुर्बिणीशिवाय पाहा. चष्मा घालून दुर्बिणीत डोकावणं तितकंच घातक आहे. दिवसा दुर्बिणीला झाकण लावून ठेवा.

पैसे मोजण्याआधी एकदा दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहा. पुण्यात राहून ही सोय न वापरणं म्हणजे नुकसान. टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी मंडळींना आकाश दाखवते आहे. तिथली माणसं आपुलकीनं सांगतात. पुण्याला ही परंपरा त्याहूनही जुनी आहे: 1888 मध्ये इथल्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली होती, तिच्यात 20 इंची आरशाची दुर्बीण होती.

खरेदी दसरा-दिवाळीला करा, म्हणजे पुढचे सात-आठ महिने आकाश मोकळं मिळेल. जूनमध्ये दुर्बीण झाकून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरड्या कपाटात ठेवा, नाहीतर भिंगांवर बुरशी धरते. आरशावर धूळ दिसली तरी फडक्यानं पुसू नका. ओरखडा पडला की तो जात नाही, धुळीनं मात्र फारसं बिघडत नाही.