गावचे दिवे, गावचा हिशेब

गाय चांगली की वाईट, हे आपण कसे ठरवतो? नुसते दूध बघत नाही. वैरण किती खाते आणि दूध किती देते, हे दोन्ही बघतो. रस्त्यावरच्या दिव्याचेही तसेच आहे. वीज ही त्याची वैरण. उजेड हे त्याचे दूध. थोड्या विजेत जास्त उजेड देईल, तो दिवा गुणाचा.

आधी वीज मोजू. दिव्यावर ‘वॅट’ लिहिलेले असतात. १००० वॅटचा दिवा एक तास जळला, की एक युनिट वीज झाली. बिल येते ते युनिटांवर.

समजा, गावात ५० जुन्या ट्यूब आहेत. ट्यूबवर ४० वॅट लिहिलेले असते. पण तिचा चोकही वीज खातो. दोन्ही मिळून ५५ वॅट धरू.

५० ट्यूब × ५५ वॅट = २७५० वॅट.
रात्रीचे १२ तास धरले, तर ३३ युनिट.
३० रात्रींचे ९९० युनिट.

आता त्याच खांबांवर २० वॅटचे ५० एलईडी दिवे लावले.

५० दिवे × २० वॅट = १००० वॅट.
१२ तासांचे १२ युनिट.
३० रात्रींचे ३६० युनिट.

महिन्याला ६३० युनिट वाचले!

पण सकाळी दिवे बंद करायचे राहिले तर? दिवसाचे १२ तास फुकट जळतील. महिन्याला आणखी ३६० युनिट जातील. म्हणजे निम्म्याहून जास्त बचत उन्हात गेली. नवा दिवा आणला, पण बटण कोण बंद करणार हे ठरवले नाही, तर काय उपयोग?

आता उजेड मोजू. उजेडाचे माप ‘ल्युमेन’. जुना पिवळा १०० वॅटचा बल्ब सुमारे १४०० ल्युमेन उजेड देतो. म्हणजे एका वॅटला १४. चांगला एलईडी एका वॅटला १०० किंवा जास्त देतो. शिवाय ट्यूबचा उजेड चहूकडे जातो, आभाळाकडेही जातो. एलईडीचा उजेड खाली रस्त्यावर पाडता येतो.

रस्त्यावर पडलेला उजेड ‘लक्समीटर’ नावाच्या यंत्राने मोजतात. यंत्र नसले तरी डोळे आहेत. दोन खांबांच्या मधोमध उभे राहा. समोरून येणारा माणूस ओळखू येतो का? रस्त्यातला खड्डा दिसतो का? खांबाखाली लख्ख आणि मध्ये अंधार असेल, तर उजेड नीट पसरत नाही. काच धुळीने माखली, तर वीज तेवढीच जाते आणि उजेड घटतो. आपला सुप्याकडचा भाग जिरायती. धूळ फार. म्हणून काच पुसून घेणे हीसुद्धा बचतच.

शेवटी मीटर बघा. पडद्यावर आकडे बदलत राहतात. ज्या आकड्याजवळ इंग्रजीत ‘केडब्ल्यूएच’ अक्षरे येतात, तो युनिटांचा आकडा. दिवे लागताना तो लिहून घ्या. दिवे बंद होताना पुन्हा लिहा. वजाबाकी करा. आपल्या हिशेबाने १२ यायला हवेत आणि १८ आले, तर विचारायला हवे. दिवे जास्त आहेत का? कुणी आकडा टाकला आहे का? मात्र पेटी उघडू नका, खांबावर चढू नका. ते वायरमनचे काम.

हे आपणच का करायचे? सुप्याला हे वेगळे सांगायला नको. १२ मे १८७५ रोजी बाजारच्या दिवशी इथे शेतकरी सावकारांवर उठले. दुकाने लुटली, कर्जाच्या वह्या जाळल्या. बहुतेकांना वाचता येत नव्हते. सावकार लिहील तेच देणे. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. १८७९ साली कायदा झाला. पावती आणि हिशेब मागण्याचा हक्क कुळाला मिळाला.

आज आपल्याला अक्षर येते, आकडा येतो. वही जाळायची गरज नाही. वही वाचायची गरज आहे. २०२१ साली राज्यात कित्येक गावांच्या दिव्यांची वीज थकबाकीपोटी तोडली गेली. दिवे विझले, की अडचण होते ती पहाटे दुधाला निघणाऱ्याची आणि रात्री एकटीने घरी येणाऱ्या बाईची. बिल गावाच्या पैशातून जाते. म्हणून ग्रामसभेत विचारा: दिवे किती? वॅट किती? युनिट किती?

करून पाहा

१. आपल्या आळीतले दिवे मोजा. दिवसा किती जळतात, ते लिहा.
२. ३० वॅटचे २० दिवे १० तास जळले. किती युनिट झाले?

(उत्तर : ६ युनिट.)