वसुली, वही आणि गल्ला एकाच हातात नको! छोट्या धंद्यातली फसवणूक, कायदा आणि बचाव

या आठवड्याच्या व्हिडिओत वेळेअभावी जे सुटलं, ते इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

सुरुवात माझ्याच दुकानापासून करतो. चार वर्षांपूर्वी माझ्या उधारीच्या हिशोबात ३८ हजारांचा फरक निघाला. तो एका दिवसातला नव्हता, सात महिन्यांत थोडा थोडा साचलेला होता. गिऱ्हाईक काउंटरवर पैसे देऊन जायचं आणि वहीत 'जमा' लागायचंच नाही. दुकानातला मुलगा चांगला होता, घरचाच झाला होता. वसुली त्याच्याकडे, वही त्याच्याकडे, रात्रीचा गल्ला मोजणंही त्याच्याकडेच. मी ट्रेनिंगच्या निमित्ताने बाहेर. एका काकूंना उधारीसाठी फोन केला तर त्या म्हणाल्या, "पैसे त मी कवाचे देले ना भाऊ, मंग आता कायले मांगता?" तेव्हा माझे डोळे उघडले.

पैसे त्याने हप्त्याहप्त्याने परत केले. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. त्याला चोरीची वाट मीच मोकळी करून दिली होती. आजचा धडा त्याच वाटेबद्दल आहे.

आधी शब्द समजून घ्या

आपण सगळ्यालाच 'फसवणूक' म्हणतो. कायदा मात्र वेगवेगळे खण करतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंड संहिताच लागते.

१) फसवणूक, कलम ३१८. समोरच्याने सुरुवातीपासूनच खोटं बोलून तुमच्याकडून पैसे किंवा माल काढून घेतला. हेच जुनं, प्रसिद्ध '४२०'. शिक्षा ७ वर्षांपर्यंत.

२) विश्वासघात, कलम ३१६. पैसे किंवा माल तुम्ही स्वतः, विश्वासाने त्याच्या ताब्यात दिला आणि नंतर त्याने तो गिळला. नोकराने केलं तर ७ वर्षांपर्यंत. बँकर, व्यापारी, एजंट यांनी केलं तर जन्मठेपेपर्यंत.

३) खोटे हिशोब, कलम ३४४. नोकराने मुद्दाम वही, बिल किंवा कॉम्प्युटरमधली नोंद बदलली किंवा खोटी केली तर ७ वर्षांपर्यंत.

फसवणुकीत इमान सुरुवातीपासूनच खोटं असतं, विश्वासघातात ते नंतर बिघडतं. म्हणून एकाच व्यवहारावर ही दोन्ही कलमं एकत्र लावता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात स्पष्ट केलं.

आणि हेही लक्षात ठेवा: गिऱ्हाइकाने उधारी थकवली म्हणजे लगेच ४२० होत नाही. धंदा बुडाला, पीक गेलं, म्हणून पैसे देता आले नाहीत, तर तो दिवाणी वाद. पोलिसांकडे जाण्याआधी स्वतःला विचारा, 'याची नियत पहिल्या दिवशीच खोटी होती, हे मला दाखवता येईल का?'

चांगला माणूस असं का करतो?

डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन अभ्यासकाने पैशांची अफरातफर करून तुरुंगात गेलेल्यांशी बोलून १९५३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याच्या मांडणीतून पुढे तीन गोष्टींचा त्रिकोण तयार झाला. दडपण (घरात दवाखाना, कर्ज, जुगार), संधी (कोणी तपासत नाही) आणि मनाची समजूत ('पुढच्या महिन्यात परत ठेवीन', 'मालक तरी कुठे पुरा पगार देतो').

दडपण आणि मनाची समजूत आपल्या हातात फारशी नाही. पगार वेळेवर द्या, अडचणीत उचल द्या, माणसाशी बोला, एवढं करता येतं. संधी मात्र पूर्णपणे मालकाच्या हातात असते.

नागपूरचं प्रकरण: पैसे गेले, कागद आलेच नाहीत

तुम्ही म्हणाल, 'भाऊ, आपलं किराणा दुकान, आपल्याला काय एवढं.' म्हणून मोठं उदाहरण घेऊ, आपल्या शेजारचंच. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. २००१-०२ मध्ये बँकेने सरकारी रोखे घेण्यासाठी होम ट्रेड आणि इतर दलाल कंपन्यांना पैसे दिले. होम ट्रेडच्या जाहिरातीत क्रिकेट आणि सिनेमातले मोठे चेहरे होते. पैसे गेले, रोखे बँकेच्या ताब्यात आले नाहीत आणि रक्कमही परत आली नाही. सव्वाशे कोटींहून जास्त. त्यात शेतकऱ्यांच्या ठेवी होत्या.

गुन्हा दाखल झाला २००२ मध्ये. निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ ला. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जणांना नागपूरच्या न्यायालयाने दोषी ठरवून ५ वर्षांची शिक्षा सुनावली. केदारांची आमदारकी गेली. त्यांनी निकालाविरुद्ध अपील केलं आणि जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला.

आता हिशोब करा. गुन्ह्यापासून निकालापर्यंत २१ वर्षं! कायदा हवाच, पण तो नंतर येतो. इथला साधा प्रश्न कोणत्याही दुकानदाराला सुचला असता: 'पैसे दिले, मग माल कुठे आहे?' हा प्रश्न विचारायचं काम पैसे देणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसाकडे हवं.

मोजपट्टी लावा

आपल्या कारध्याला वैनगंगेच्या पुलाजवळ पाण्याची पातळी मोजतात. २४५.५० मीटर म्हणजे धोका. पावसाळ्यात मोजणारा नदीवर संशय घेत नाही, तो फक्त रोज आकडा लिहितो. दुकानातही तेच करायचं.

१) तीन कामं, किमान दोन माणसं. पैसे घेणं, नोंद करणं, ताळा जुळवणं. माणसं कमी असतील तर तिसरं काम मालकाने किंवा घरच्याने करायचं.

२) रोज गल्ला आणि यूपीआय जुळवा. स्क्रीनशॉट पाहून माल देऊ नका, आपल्या खात्यात पैसे आले का ते पाहा. काउंटरवरचा क्यूआर कोड रोज सकाळी स्कॅन करून नाव तपासा. त्यावर दुसरा चिकटवायला दहा सेकंद लागतात.

३) उधारीवाल्याला बाकी थेट मालकाच्या फोनवरून कळवा. महिन्यातून एकदा, सगळ्यांना. माझ्याकडे ही सवय असती, तर काकू पहिल्याच महिन्यात बोलल्या असत्या.

४) न सांगता माल मोजा. आठवड्याला फक्त पाच वस्तू. वही आणि फळी जुळते का?

५) सुट्टी सक्तीची. जो कधीच सुट्टी घेत नाही आणि आपली वही दुसऱ्याला दाखवत नाही, तिथे थांबून बघा.

६) बोलायला जागा ठेवा. फसवणूक तपासणाऱ्यांच्या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या अहवालात ४३ टक्के प्रकरणं कोणीतरी दिलेल्या माहितीतून उघड झाली होती. गिऱ्हाइकाला आणि नोकराला तुमचा नंबर माहीत हवा.

तरीही फसलात तर?

ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन आणि बँकेला कळवणं, त्याच तासात. रागाने ओरडण्याआधी वही, बिलं, चॅट, सीसीटीव्ही जपून ठेवा. तारीख आणि रक्कम यांचा तक्ता करून लेखी तक्रार द्या. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती पोलिसांनी घ्यायची असते. घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकारी.

चेक परत आला तर दिवस मोजा: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. तारीख चुकली की खटला लंगडा होतो.

गृहपाठ

आज रात्री दुकान बंद केल्यावर एका कागदावर लिहा: आपल्याकडे पैसे कोण घेतं, नोंद कोण करतं, तपासतं कोण? तिन्ही ठिकाणी एकच नाव आलं, तर उद्या सकाळी त्यातलं एक काम बदला. त्या माणसाला समोर बसवून सांगा की हे त्याच्यावरच्या संशयाने नाही, उद्या फरक निघाला तर त्याच्यावर आळ येऊ नये म्हणूनही आहे. माझ्या दुकानात आता असंच चालतं, आणि नव्या मुलाला पहिल्या दिवशी मी हेच सांगतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा सांभाळा, माणसंही सांभाळा!